गडव्याचं माप

बपेरा गावच्या बायजाबाईला कुणी वाटेत थांबवून "कशी आहेस?" म्हणून विचारलं, तर त्याचं उत्तर तिच्याकडे नसायचं. ती उलट विचारायची, "जेवले का?" समोरच्यानं हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. ओट्यावर बसवून जे घरात असेल ते ती पुढ्यात ठेवायची. पोस्टमन असो, पंपाची मोटार दुरुस्त करायला आलेला माणूस असो, की मतदारयादी घेऊन फिरणाऱ्या शाळेच्या मॅडम असोत, तिच्या ओट्यावरून कुणी तोंड न हलवता गेलं नाही.

बोलणं तिला जमत नसे. म्हणजे भाजीवाल्याशी भांडताना झकास जमायचं, पण मायेचं, कौतुकाचं, चुकलं-माकलं कबूल करायचं बोलणं काही तिच्या तोंडून निघायचं नाही. ते सगळं ती चुलीवर उरकायची. सून प्रतिक्षा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला 'ये, बस' एवढंही म्हटलं नव्हतं. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं होतं. पोरीनं दोन खाल्ल्या, तर आणखी चार वाढल्या. पहिला महिनाभर प्रतिक्षाला वाटत होतं की सासूबाईंचं आपल्यावर काहीतरी बिनसलंय. मग तिच्या ध्यानात आलं की बायजाबाई रागावली तर स्वयंपाक नेहमीपेक्षा चांगला करते, फक्त दुसऱ्यांदा वाढायला येत नाही.

नवरा डोमा हे पस्तीस वर्षांपासून जाणून होता. तो स्वतःही काही कमी घुम्या नव्हता. दोन एकर धानाची बांधी, एक म्हैस आणि बिडीचं एक बंडल, यात त्याचा दिवस जायचा. नवरा-बायकोत गोड शब्दांची देवाणघेवाण झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पण रोज सकाळी तो बांधीवर निघायच्या आधी बायजाबाई जर्मनचा मोठा कटोरा त्याच्यासमोर ठेवायची. त्यात गरम पेज. सैलसर शिजलेला भात, त्याचं पांढरं घट्ट पाणी, वरून चिमूटभर मीठ. डोमा ती फुंकून फुंकून घ्यायचा, कटोरा पालथा घालायचा आणि निघायचा. बायजाबाई आजारी पडली तरी पेज चुकली नाही. मुलाच्या, जीवनच्या वेळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या त्या दिवशीही तिनं आधी पेज उतरवली आणि मग सासूला सांगितलं.

तिचा खरा हंगाम दसऱ्यापासून सुरू व्हायचा. पाऊस पाय काढता घेतो, बांधीतला हलका, लवकर येणारा धान पिवळा पडतो, तलावावरून सिंगाड्यांच्या टोपल्या गावात येऊ लागतात, आणि बायजाबाईच्या चुलीला उसंत मिळत नाही. उकडलेले सिंगाडे सोलता सोलता पोरांची बोटं काळी व्हायची. तांदळाच्या पिठाचे जाळीदार आयते तव्यावरून थेट ताटात पडायचे. कोवळा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आला की सांभारवड्या. दसऱ्याला सगळं गाव ट्रकमध्ये बसून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, तेव्हा बायजाबाईची शिदोरी अर्ध्या ट्रकला पुरायची. आणि नवा धान घरात आला की पहिल्या तांदळाची पेज ज्यानं पेरलं त्यानं आधी घ्यायची, ही त्यांच्या घरची रीत. डोमा एक घोट घ्यायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "जमला." मगच बाकीच्यांच्या ताटात नवा भात पडायचा.

यंदा आषाढात धानाचा रोवणा, लावणी, चालू असतानाच डोमाच्या पायांवर सूज आली. चिखलात उभं राहून आली असेल, असं सगळे म्हणाले. मग तोंड सुजलं. मग एका सकाळी त्यानं पेजेचा कटोरा अर्धा ठेवला, आणि बायजाबाईनं जीवनला उठवलं. मुलगा जीवन चिखल्याच्या खाणीवर कामाला आहे. त्यानं सुट्टी टाकून बापाला तुमसरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर यायचं, चार-चार तास, आणि हे आता कायमचं.

डॉक्टरांनी खाण्यापिण्याचा एक कागद दिला. जीवननं तो घरी मोठ्यानं वाचला आणि बायजाबाई भिंतीला टेकून ऐकत राहिली. डाळ बंद. लोणचं बंद, पापड बंद. टमाटर बंद. कोचई बंद, सिंगाडा बंद, सांभार बंद. मीठ नावाला. भाजी चिरायची, भिजवायची, उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, मग उरलेला चोथा द्यायचा. दिवसाला पाणी अर्धा लिटर, थेंब जास्त नाही. जीवन वाचत होता आणि बायजाबाईला वाटत होतं की तिच्या घरात बसून कुणीतरी तिची एकेक बरणी, एकेक डबा उचलून अंगणात फेकतंय. जन्मभर जे जे करायला शिकली ते ते त्या कागदावर होतं, आणि प्रत्येकापुढे फुली होती.

शेवटून तिसऱ्या ओळीत जीवन वाचून गेला, "भात चालेल." तिनं त्याला थांबवलं. पुन्हा वाचायला लावलं. भात चालेल, असंच लिहिलं होतं.

बायजाबाईला वाचता येत नाही, पण पंचशील जसं तोंडपाठ आहे तसा तो कागद तिनं पाठ केला. पाण्याचं मात्र तिला कागदावर भागणार नव्हतं, तिला माप हवं होतं. तिच्या लग्नातला एक पितळी गडवा होता. जीवननं अर्ध्या लिटरची बाटली भरून त्यात ओतली, तर पाणी बरोबर गळ्याशी येऊन थांबलं. झालं, माप ठरलं. रोज सकाळी गडवा गळ्यापर्यंत भरायचा, वर वाटी झाकायची आणि चुलीशेजारच्या फळीवर ठेवायचा. गोळीबरोबरचा घोट त्यातूनच. अर्धा कप चहा करायचा तर तेवढं पाणी गडव्यातून काढून. दात घासताना चूळ भरायला वेगळं पाणी, पण ते तोंडातून बाहेर पडताना ती स्वतः बघायची.

पावसाळा सरता सरता ऊन तापलं, आणि डोमाची तहानही. तो गडव्याकडे बघायचा आणि बायजाबाई त्याच्याकडे. "घोटभर," तो म्हणायचा. ती सूर्याकडे बघून हिशेब करायची, अजून दुपार जायची आहे, अजून रात्रीच्या गोळ्या आहेत. नाही म्हणायची आणि तोंड फिरवायची. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तिला आता दिवसातून वीस वेळा स्वतःच्या नवऱ्याला नाही म्हणावं लागत होतं, तेही पाण्याला. चुलीपाशी बसून ती गुपचूप रडायची आणि धुराचं निमित्त सांगायची. गॅस येऊन सात वर्षं झाली होती आणि रोजची चूल पेजेपुरतीच पेटत होती, पण कुणी तिला टोकलं नाही.

तरीही डोमाचं वजन वाढत होतं.

मशीनवर घ्यायच्या आधी रीता सिस्टर त्याला काट्यावर उभं करायची. तरुण पोरगी, बोलायला फटकळ, पण सुई टोचताना हात हलका. दोन खेपांमध्ये दोन किलोवर वजन वाढायला नको, असं तिनं सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात अडीच भरलं. पुढं तीन. आश्विन पौर्णिमेच्या आसपास काटा चारवर गेला.

"काका, पाणी पेऊन राहिले तुम्ही," रीता म्हणाली.

डोमानं नाही म्हणून मान हलवली. बायजाबाईनं पोराची शपथ घेतली, गडव्याचं माप हातानं दाखवलं. रीतानं तिच्याकडे बघून सुस्कारा टाकला. म्हणाली, मावशी, तुम्ही मोजून देता हो, पण माणूस तहानेनं वेडा होतो. आमच्याकडे एक जण कूलरमधलं पाणी प्यायचा. लक्ष ठेवा.

झालं. त्या एका वाक्यानं बायजाबाईच्या डोक्यात किडा शिरला. आपलं माप चुकत नाही, मग चुकतंय कोण? ती डोमाच्या मागं हात धुऊन लागली. तो न्हाणीत गेला की ही दाराशी कान लावून उभी. बाहेर आला की त्याचे ओठ बघायची, ओले आहेत का. बोअरिंगच्या दिशेनं तो चार पावलं गेला की हिची हाक. शेजारच्या उषाबाईच्या ओट्यावर तो बिडी ओढायला बसायचा, तेही तिच्या डोळ्यात खुपू लागलं. एका दुपारी ती सरळ उषाबाईच्या दारात गेली आणि विचारलं, तू याईले पाणी देतेस काय? उषाबाई बिचारी धान वाळवत होती. तिनं नाही म्हटलं. बायजाबाईनं तिच्या माठाकडे बघितलं, ते बघणंच असं होतं की उषाबाईनं त्या दिवसापासून बोलणं टाकलं. वीस वर्षांचा शेजार त्या बघण्यानं तुटला.

आणि एका सकाळी, जीवन पाळीवर निघत होता, प्रतिक्षा डबा भरत होती, तेव्हा दोघांच्या देखत बायजाबाई बोलली.

"हे चोरून पेतेत."

डोमा खाटेवर बसला होता. त्यानं मान वर केली. "मी नाही पेलो," तो म्हणाला.

"मंग चार किलो कुठून आलं? हवेतून आलं काय?"

 जीवन बुटाची नाडी बांधत राहिला आणि गाडी काढून निघून गेला. त्या दिवसापासून डोमानं उषाबाईच्या ओट्यावर जाणं बंद केलं. विहारातल्या वंदनेलाही गेला नाही, कारण तिथं पाण्याची टाकी आहे. त्यानं आपली खाट स्वतःच ओढत ओढत चुलीच्या समोर आणली, बायजाबाईला कुठूनही दिसेल अशी, आणि दिवसभर तिथंच बसून राहायचा. बघ, बसलोय तुझ्यासमोर. हे तो म्हणाला नाही. खाट मात्र तशी ठेवली.

याचा अर्थ तिला कळत नव्हता असं नाही. कळत होता आणि त्यामुळंच तिचा जीव कासावीस होत होता. त्याला चोरी करावी लागते ती आपण देत नाही म्हणून, एवढंच तिच्या मनानं घेतलं होतं. मग तिनं तिच्यापुरता उपाय शोधला. पाणी वाढवता येत नाही, ठीक आहे. पण भात चालतो. त्याची सकाळची पेज चालूच होती, बिनमिठाची. तिनं सकाळी दोन कटोरे केले. संध्याकाळी आणखी एक. भाताचे गोळे त्याच्या कोरड्या घशाखाली उतरत नव्हते, म्हणून पेज थोडी सैल केली. पोट भरलेलं राहील, घसा ओला राहील, आणि पाणी चोरायची पाळी येणार नाही. या विचारानं तिला त्या दिवसांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

त्या बाईला हसू नये. तिच्या घरात, तिच्या सासूच्या घरात, सगळ्या गावात पेज हे जेवण आहे. पाहुणा आला की 'पाणी आण' म्हणतात तेव्हा कुणी पेज आणत नाही. बाळंतिणीला पेज देतात, आजाऱ्याला पेज देतात, दात नसलेल्या म्हाताऱ्याला पेज देतात, ती अंगात ताकद यावी म्हणून. चहातलं पाणी तिनं गडव्यातून काढलं, गोळीचा घोट गडव्यातून काढला, पण पेजेसाठी गंजात, पातेल्यात, पाणी ओतताना तिचा हात एकदाही अडखळला नाही.

दिवाळीच्या आधी हलका धान कापला. जीवननं आणि मजुरांनी कापला, डोमा बांधावर खुर्ची टाकून बघत होता. राइस मिलमधून पहिलं पोतं आलं. नव्या तांदळाची पेज चिकट आणि दाट होते, घरभर तिचा वास सुटतो. बायजाबाईनं कटोरा भरून त्याच्या हातात दिला. सगळे थांबले होते. डोमानं एक घोट घेतला. त्याचे हात बारीक झाले होते आणि चेहरा मात्र फुगलेला. तो पुष्कळ वेळ थांबला.

"जमला," तो म्हणाला.

बायजाबाई पाठमोरी झाली आणि नुसताच विस्तव सारखा करत बसली.

दिवाळी झाली की त्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. पाळणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, दिवसभर दंडार, ढोलावरचं लोकनाट्य, चालते, आणि घरोघरी लेकी-जावई, सोयरे-धायरे जेवायला येतात. दिवाळीला आली नाही तरी चालेल, पण मंडईला लेक यायलाच हवी. रत्नमाला, बायजाबाईची मुलगी, वरठीला असते. नवरा तिथल्या कारखान्यात. ती दोन्ही पोरांना घेऊन आदल्या दिवशीच आली. बापाला बघून दारातच थबकली, पण मग लगेच पोरांना पुढं केलं.

बायजाबाईनं तीन दिवस आधीपासून तांदूळ भिजत घातला होता. अनरसे झाले. चिवडा झाला. कोचईच्या वड्या उकडून, कापून ठेवल्या. मंडईच्या दिवशी लांब रोट्या करायच्या होत्या. ते काम तिच्यासारखं गावात कुणाला जमत नाही. कणीक पाण्यासारखी सैल मळायची, हातावर घेऊन कोपरापर्यंत नाचवत लांबवायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद टाकायची. खाटेवरून डोमा सगळं बघत होता. नातवानं त्याच्या तोंडाशी अनरसा नेला आणि रत्नमालानं तो हळूच काढून घेतला. पोरगं गोंधळून आजोबांकडे बघत राहिलं. डोमानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

बायजाबाईला ते सोसलं नाही. सगळ्या घराच्या तोंडात काहीतरी आहे आणि ज्याच्या बांधीतला तांदूळ आहे तो कोरडा बसलाय. तिनं अनरशांच्या तांदळातलाच मूठभर बाजूला काढला होता, त्याची वेगळी पेज केली. सणाचा दिवस म्हणून एक कटोरा जास्त. दुपारपर्यंत त्याचे तीन झाले.

दुपारी चौकात दंडारीचा ढोल सुरू झाला. पोरं तिकडं पळाली. बायजाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकीत होते, पहिली रोटी मडक्यावर पडली होती, आणि प्रतिक्षाची हाक आली. डोमा खाटेवर ताठ बसला होता, दोन्ही हात गादीवर रोवून. आडवं व्हायला गेला की श्वास कोंडत होता. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता आणि ओठ निळसर पडले होते. तो बायजाबाईकडे बघत होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

मंडईच्या गर्दीतून गाडी काढायला जीवनला किती वेळ लागला हे तिला सांगता येणार नाही. लोक पाळण्यांच्या रांगेतून बाजूला होत होते, कुणीतरी ओरडून ढोल थांबवला. ती मागच्या सीटवर डोमाच्या पाठीला आधार देऊन बसली होती. तिचे हात तसेच होते, कणीक वाळून पांढरी पडत चालली होती. मडक्यावरची रोटी करपली असेल, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. माणसाचं डोकं अशा वेळी काहीही धरून बसतं.

तुमसरला त्याला लगेच ऑक्सिजन लावला, मशीन लावलं. रीता सिस्टरला सणाची सुट्टी नव्हती, तीच होती. डॉक्टर तिला बाजूला घेऊन बोलले. मग ती बाहेर बाकड्यावर येऊन बायजाबाईशेजारी बसली. यावेळी तिच्या आवाजात फटकळपणा नव्हता. म्हणाली, सहा किलो आहे मावशी, फुप्फुसात पाणी भरलं. मला आता सगळं खरं सांगा, शनिवारच्या खेपेपासून यांनी काय काय खाल्लं, काय काय प्यायलं. रागावणार नाही मी.

बायजाबाईनं सांगितलं. पाणी एक गडवा, रोज, जास्त नाही. चहा त्यातलाच. भाजीचं पाणी फेकलेलं. डाळ नाही, फळ नाही. अनरसा नातवाच्या हातातला, तोही खाऊ दिला नाही. सकाळी दोन कटोरे पेज, संध्याकाळी एक. आज तीन.

"पेज?" रीता म्हणाली. "पातळ?"

"सैल. घशातून उतरत नाही त्याईच्या."

रीतानं कटोरा केवढा ते विचारलं. बायजाबाईनं कणीक वाळलेल्या हातांनी माप दाखवलं. 

"मावशी, थे पाणीच आहे."

एवढंच. ती आणखीही काही सांगत होती, जे पातळ आहे ते सगळं पाणी, दूधसुद्धा, बर्फसुद्धा, पेजेच्या एका कटोऱ्यात तुमचा गडवा जवळजवळ आख्खा बसतो. बायजाबाईला ते ऐकू येत होतं पण ती तिथं नव्हती. ती घरी होती, खाटेसमोर उभी राहून विचारत होती, मंग चार किलो कुठून आलं. उषाबाईच्या माठाकडे बघत होती. न्हाणीच्या दाराला कान लावत होती. आणि दर वेळी, दर भांडणानंतर, कटोरा भरत होती.

ती तिथं बसून हातावरची कणीक नखानं खरवडत राहिली. संध्याकाळी डॉक्टरांनी जीवनला सांगितलं की धोका तात्पुरता टळला आहे. पण हृदय फार थकलं आहे. आता आठवड्यातून तीनदा यावं लागेल, आणि पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही. जीवननं आईला त्यातलं शेवटचं वाक्य सांगितलं नाही. तिनं ते दारामागून ऐकलं होतं.

पाचव्या दिवशी डोमाला घरी आणलं. मंडई केव्हाच उठली होती, चौकात कागद उडत होते. रत्नमाला थांबली होती.

आल्या आल्या बायजाबाईनं एक काम केलं. कोचईची पानं आणली, वड्या केल्या, तळल्या, ताटलीत घातल्या, वर कापड झाकलं आणि उषाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. ताटली पुढं केली. उषाबाईनं तिच्याकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं, आणि ताटली घेतली. थोड्या वेळानं रिकामी ताटली घेऊन ती स्वतः आली आणि डोमाच्या खाटेशी बसून धानाच्या भावाबद्दल बोलत राहिली. तिथला हिशेब मिटला.

पण इथं काय करायचं? जन्मभर तिनं सगळ्या चुका अशाच निस्तरल्या होत्या, कधी आयत्यांनी, कधी वड्यांनी, कधी जास्तीच्या तुपानं. ज्याची सगळ्यात मोठी चूक केली होती त्याला देण्याजोगं तिच्या घरात काही नव्हतं. फडताळात अनरशांचा डबा भरलेला होता. पोत्यात नवा तांदूळ होता. तिनं भात कोरडा शिजवला, त्याची सगळी पेज वेळून गंजात काढली आणि तो गंज घेऊन गोठ्याकडे निघाली. म्हशीपुढं पेज ओतताना वाफ तिच्या तोंडावर आली. म्हैस चटाचटा पीत होती आणि बायजाबाई तिच्याकडे बघवत नाही म्हणून भिंतीकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी घर उठायच्या आत ती त्याच्या खाटेशी जाऊन बसली. तो जागा होता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"चोरी तुमी नाही केली," ती म्हणाली. "मीनच पाजलं तुमाले."

डोमा वर आढ्याकडे बघत होता. त्याचा आवाज आता फार खोल गेला होता, ऐकायला वाकावं लागायचं.

"आज पेज नाही केली?"

तिला वाटलं, त्याला समजलं नाही. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, रीता काय म्हणाली ते, कटोऱ्यात गडवा बसतो ते. तो ऐकत राहिला. मग त्यानं हात उचलून फळीवरच्या गडव्याकडे दाखवलं. तो नुकताच गळ्यापर्यंत भरून झाकून ठेवलेला होता.

"थे पाणी नको मले," तो म्हणाला. "त्याचीच कर."

ती नाही म्हणाली. गोळ्या आहेत म्हणाली. अख्खा दिवस जायचा आहे, ऊन आहे, घसा सुकेल, मागून मिळणार नाही म्हणाली. डोमानं डोळे मिटून घेतले आणि तो वाट बघत पडून राहिला. या आजारातलं पाणी सोडलं, तर पस्तीस वर्षांत त्यानं तिच्याजवळ कधी काही मागितलं नव्हतं, मागायच्या आधी समोर यायचं म्हणून.

तिनं गोळ्यांपुरते दोन घोट वेगळ्या वाटीत काढून ठेवले. बाकीचा गडवा गंजात रिता केला. नव्या तांदळाची मूठ टाकली, चूल पेटवली. एवढ्याशा पाण्याला उकळी यायला वेळ लागला नाही. कटोरा अर्धासुद्धा भरला नाही. रत्नमाला आणि प्रतिक्षा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बायजाबाईनं त्याला पाठीला उशी देऊन बसवलं. तो फुंकून फुंकून, थांबून थांबून घेत होता. शेवटचं शीत बोटानं पुसून खाल्लं आणि सवयीनं कटोरा पालथा घातला.

थंडीचे दिवस असूनही त्या दिवशी ऊन चांगलंच तापलं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत डोमानं तीनदा पाणी मागितलं. बायजाबाई तिन्ही वेळा उठली, फळीपाशी गेली, गडव्यावरची वाटी उचलून आत बघितलं आणि परत येऊन त्याच्याजवळ बसली.